अकरा दिवस नाशकात, आणि आईचं पातेलं

तिवंधाकर

चेन्नईहून निघायच्या आधी फोनमध्ये चौदा ठिकाणांची यादी केली होती. अकरा दिवस सलग नाशकात राहिलो आणि त्यातली पाच झाली. शाळेपासून माझ्या याद्यांचं असंच होतं, त्यामुळे फार वाईट वाटलं नाही.

आई आता पाथर्डी फाट्याला राहते. आमचा वाडा तिवंध्याजवळ होता. तिथे आता पाच मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलची कव्हरं विकतात. पहिल्या दिवशी चहा घेताना आईला यादी वाचून दाखवली. सायंताराचा साबुदाणा वडा, बुधा हलवाईची जिलेबी, कोंडाजीचा चिवडा बांधून घेणे, दोन मिसळी... तिने मध्येच थांबवलं. "चार वर्षांनी आलास तो खायलाच का? गावात जाशील तेव्हा माझं पातेलं कल्हईला टाक. इकडे फाट्यावर कोणी करत नाही."

पातेलं पितळेचं, आजीच्या वेळचं, काठावर टिंबाटिंबांनी आजीचं नाव. चार लिटर दूध आरामात मावेल. ते पिशवीत घालून डिकीत टाकलं आणि पुढचे पाच दिवस मी जिथे जिथे गेलो तिथे तिथे ते मागे खडखडत आलं.

पांडवलेणीला सकाळी सहाला गेलो. पायऱ्या दोनशेच्या वर आहेत हे लहानपणी कधी मोजावंसं वाटलं नव्हतं. आता दर वळणावर बुटाची नाडी बांधायचं निमित्त काढत वर पोचलो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गेल्यावर आईने त्याचे पराक्रम दगडात कोरून घेतले, तो मुलगा म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णी. सहलीत बाई हे सांगत होत्या तेव्हा आमचं सगळ्यांचं लक्ष डब्याकडे. या वेळी मात्र व्हरांड्यात बराच वेळ थांबलो. शेजारी एक आजोबा बैठका मारत होते, एकोणचाळीसनंतर परत एकतीस मोजत होते. मी काही बोललो नाही.

मग शहराबाहेरच्या एका नव्या मिसळवाल्याकडे गेलो. नाव सांगत नाही. आमचं टोकन १४३, चालू होतं ७१. झोपाळे, बैलगाडी, फोटो काढायला नांगर. सव्वा तासाने मिसळ आली ती कोमट, आणि पापड मागितला तर म्हणे वेगळे पैसे. नाशकात मिसळीवरच्या पापडाचे वेगळे पैसे! त्याच संध्याकाळी जुन्या ठिकाणी जाऊन दुसरी मिसळ खाल्ली, पोटात जागा नव्हती तरी.

बुधवारी आईलाच बरोबर घेतलं. बुधवार म्हणजे गंगेवरचा बाजारही होईल असा हिशोब. (बाहेरच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगा म्हणतो. वाद घालू नये.) सकाळपासून पावसाची भुरभुर होती. भांडी बाजाराच्या मागच्या बोळात कल्हईवाले सापडले. आमच्या आधी एक परात होती, ती होईपर्यंत उभे राहिलो.

लहानपणी हे शंभरदा बघितलंय आणि एकदाही नीट बघितलं नव्हतं असं लक्षात आलं. कोळशाच्या भट्टीवर परात तापवायची. भात्याच्या जागी आता पंखा आहे, एवढाच फरक. तापली की नवसागराची चिमूट टाकायची, भसकन पांढरा धूर येतो आणि नाकात जातो. मग कथलाची कांडी एकदाच टेकवायची. टेकवली तिथे चकचकीत थेंब उभा राहतो, आणि तो थंड व्हायच्या आत कापसाच्या बोळ्याने गरागरा फिरवायचा. पिवळ्या परातीत चांदीसारखं पाणी पसरत जातं. नजर हलवली की झालेलं असतं. मग पाण्यात बुडवली की चर्रर्र. आई म्हणाली, "तू या वासाला घाबरून माझ्या पदरात तोंड घालायचास."

आमचं पातेलं त्यांनी हातात घेतलं, बोटाने आतून चाचपलं, म्हणाले, "मावशी, दोन वर्षं उशीर केला. चारला या." तेवढ्यात शेजारच्या दुकानातून कोणीतरी ओरडलं, गंगापूर धरणातून पाणी वाढवलं. बघता बघता पूर्ण बोळ हलला. खालच्या फळीवरचे हंडे वर, वरच्या फळीवरचे माळ्यावर. कोणी घाबरलेलं नव्हतं. वर्षानुवर्षं करत आल्यासारखे हात चालले होते.

"चल," आई म्हणाली. मला वाटलं घरी. ती म्हणाली, "मारुती बघून येऊ."

गाडगे महाराज पुलाकडे ही गर्दी. बाजार कधीच उठला होता. टमाट्याची क्रेट डोक्यावर घेऊन लोक चढण चढत होते. रामकुंडाजवळच्या छोट्या देवळांची नुसती शिखरं वर, पाणी तांबडंलाल, त्यातून पाणवेलींचे पुंजके सुसाट चाललेले. आणि मध्ये दुतोंड्या मारुती, कमरेच्या वर पाण्यात. वडील मला खांद्यावर बसवून इथेच आणायचे. घरी गेल्यावर आजी एवढंच विचारायची, "कुठवर आलंय?" आणि वडील स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायचे. गुडघा, कंबर, छाती. त्यापुढे आजी विचारत नसे, सामान आवरायला घ्यायची.

आईने माझ्या बरगडीला हात लावला. "इथवर. अजून चढेल."

चारला बोळात जाणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझं परतीचं विमान मुंबईहून. पातेलं राहिलं तिथेच.

तर असा हा धागा. तुम्ही नाशकात परत जाता तेव्हा काय काय करता ते लिहा. मिसळीवर भांडायला परवानगी आहे.

मेनरोडची_मुलगी

टडोपा (टचकन डोळ्यात पाणी). "कुठवर आलंय" आमच्याकडेही! आमचे आजोबा मात्र सरकारवाड्याच्या पायऱ्यांवर मोजायचे. सराफ बाजारात आमचं छोटं दुकान होतं, त्यामुळे मारुतीपेक्षा पायरी महत्त्वाची. पहिली पायरी भिजली की तिजोरीतलं सगळं घरी.

मी दर वर्षी येते आणि एकच काम ठरलेलं असतं: अशोकस्तंभाला रिक्षा सोडायची आणि तिथून पायी रविवार कारंजा, मेनरोड, दहीपूल करत गंगेवर. काही विकत घ्यायचं नाही असं ठरवून निघते. गेल्या खेपेला तीन साड्या आणि एक पाटा घेतला. वरवंटा घरी होता म्हणून!

सिडकोचा_सम्या

काय भो, एवढं लिहिलंस आणि जुन्या ठिकाणचं नाव लिहिलं नाहीस? हा अन्याय आहे.

माझं मत: काळ्या रश्श्याची हवी तर पंचवटीत अंबिका. सातपूरला कामाला असणाऱ्याला श्यामसुंदरशिवाय दुसरं नाव सुचणार नाही. चुलीवरची साधना पाहुण्यांना घेऊन जायला ठीक. आणि पापड चुरून वर टाकणाऱ्यांशी मी बोलत नाही. पापड तोडून त्याने मिसळ उचलायची असते.

मेनरोडची_मुलगी

मी चुरते. बोलू नकोस.

सिडकोचा_सम्या

बरं, चूर. पण दही शेवटी. आधी दही टाकणाऱ्यांचं आधार कार्ड तपासायला हवं.

पंचवटीतले_काका

मारुतीबद्दल थोडी भर घालतो. कंबर, छाती हे माप घरातल्या माणसांसाठी. महापालिकेचं माप क्युसेकमध्ये, होळकर पुलाखालून किती पाणी जातंय ते. दोन्ही आकडे माझ्या फोनवर येतात, पण क्युसेक ऐकून माझी बायको गच्चीवरचे कपडे काढत नाही, मारुतीची छाती म्हटलं की काढते.

२००८ च्या सप्टेंबरात मारुती पूर्ण बुडाला. २०१६ आणि २०१९ ला पुन्हा. १९६९ चा पूर मी लहान असताना पाहिला, त्या आठवणीवर मला स्वतःलाच फारसा विश्वास नाही. एवढंच पक्कं आठवतं की वडील रात्रभर जागे होते आणि मला त्याची मजा वाटत होती.

बाकी यादीत काळाराम नाही याचं आश्चर्य वाटलं. मी रोज सकाळी पूर्व दरवाजाने आत जातो. मंदिर ओढेकरांनी बांधलं, दगड रामशेजचा, हे सगळ्यांना सांगतात. पण नातवाला घेऊन जातो तेव्हा आधी दरवाजाजवळ थांबवतो. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांचा सत्याग्रह इथेच सुरू झाला, माणसांना आत जाऊ द्या एवढ्याच मागणीसाठी, आणि तो काही वर्षं चालला. त्याने विचारलं, "मग आत कोण जात होतं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आपण?" मी हो म्हणालो. मग दोघे आत गेलो.

तिवंधाकर

काका, यादीत होतं, राहिलेल्या नवांमध्ये. तुमच्या नातवाचा प्रश्न वाचून मात्र वाटतंय की ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

नाशिकरोडकर

नेहमीप्रमाणे धाग्यात नाशिक म्हणजे फक्त गंगेचे दोन काठ. आमच्याकडे अजून "नाशिकला जाऊन येतो" म्हणतात, हे तुम्हाला माहीत नसेल.

मी बाहेरून आलो की मुक्तिधाममध्ये भिंतीवरची गीता वाचत फेरी मारतो, अठराही अध्याय आहेत, मी कधी सहाच्या पुढे गेलो नाही. मग देवळाली कॅम्पातल्या झाडांखालून चक्कर आणि तसंच पुढे भगूर. प्रेसमध्ये आजोबा होते, करन्सी नोट प्रेस, त्यामुळे भोंग्यावर घड्याळ लावणारं घर. लहानपणी वर्गात मुलं विचारायची, आजोबा घरी नोटा आणतात का. आजोबा घरी आणायचे ते शेंगदाणे.

आणि पंचवटी एक्स्प्रेस! मी अकरा वर्षं पासधारक. आता कधीतरीच बसतो, पण आदर्श कोचमधले (पासधारकांचा शिस्तीचा डबा) चेहरे अजून ओळखीचे. मोबाइलवर मोठ्याने बोललं की आजही चार माना वळतात.

पुण्याहून_प्रश्न

मस्त धागा, वाखुसा (वाचनखूण साठवली). आम्ही दोन दिवसांसाठी मुलांना घेऊन येतोय (८ आणि ११ वर्षं). वाइन वगैरे नको. काय दाखवू? आणि समृद्धीने येऊ का?

सिडकोचा_सम्या

पुण्याहून समृद्धीने? नारायणगाव, संगमनेर, सिन्नर सोडून? मुंबईकरांचं सोपं झालंय ते, २०२५ च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे सुरू झाल्यापासून. तुम्ही गुपचूप जुन्या रस्त्याने या.

मेनरोडची_मुलगी

मुलांना घेऊन यायचं तर रंगपंचमीला या. जगात कुठे नाही ते बघायला मिळेल. जुन्या नाशकात पेशव्यांच्या काळातल्या रहाडी आहेत, म्हणजे दगडी हौद. वर्षभर बुजवलेल्या असतात, त्यावरून रिक्षा, गाड्या जातात. शेजारी उभं राहिलं तरी कळणार नाही. रंगपंचमीला उघडतात, पूजा करतात, रंग कालवतात, आणि मग धप्पा. धप्पा म्हणजे काठावरून त्यात उडी, अशी मारायची की बघणारा भिजला पाहिजे. तिवंध्याची आहे, शनी चौकातली आहे, दिल्ली दरवाजाची आहे. रंग आठवडाभर जात नाही. माझा भाऊ दहावीच्या पेपरला पिवळा होऊन गेला होता.

तिवंधाकर

तिवंध्याच्या रहाडीत मी नववीत पहिला धप्पा मारला. मारला म्हणजे मागून ढकललं. ढकलणारा आता एका बँकेत मॅनेजर आहे आणि हा धागा वाचत असणार.

पुणेकर, रंगपंचमी जमत नसेल तर चैत्रात कामदा एकादशीला रथ बघा. रामरथ आणि गरुडरथ दोन्ही निघतात, पण रामरथ नदी ओलांडत नाही, पंचवटीच्या बाजूलाच फिरतो. गरुडरथ गावात येतो. लहानपणी आमच्यात यावरून भांडणं व्हायची. पंचवटीतली पोरं म्हणायची, राम आमच्याकडेच राहतो.

पंचवटीतले_काका

राहतोच.

गोदाकाठी_फिरणारा

चांगल्या आठवणी चालल्यात, तरी एक खडा टाकतो. २०२५ च्या शेवटी सिंहस्थात साधूंना उतरायला करतात त्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायची म्हणून केवढं रान पेटलं ते सगळ्यांनी पाहिलं. कुंडांच्या तळाचं काँक्रीट काढा, जुने झरे मोकळे होऊ द्या, ही मागणी कितीतरी वर्षं चालू आहे. परत येणारे लोक जिलेबी खातात, फोटो काढतात आणि जातात. पुढच्या खेपेला काय बघायला येणार?

नाशिकरोडकर

बरोबर आहे, पण सिंहस्थ बारा वर्षांनी येतो आणि लाखो लोक कुठेतरी उतरायला हवेत हेही खरं. २००३ ला गर्दीत चेंगराचेंगरी झाली ते विसरलात का?

गोदाकाठी_फिरणारा

विसरलो नाही. म्हणूनच म्हणतो, जागा आधी शोधा, कुऱ्हाड नंतर. तपोवनात मी रोज सकाळी जातो. कपिला संगमाजवळ एका चिंचेखाली बसायची माझी जागा ठरलेली आहे. ती झाडाच्या नावे सातबाऱ्यावर नाही एवढंच.

सिडकोचा_सम्या

मंडळी, या विषयाला वेगळा धागा काढा, तिथे मीही भांडेन. इथे पातेल्याचं काय झालं ते कोणी विचारत नाहीये!

तिवंधाकर

हेच सांगायला आलो. पूर ओसरला. आईचे रोज दोन फोन. कल्हईवाल्यांचा नंबर मी घेतला नाही, दुकानाला पाटी नाही. आईला एकटीला तिकडे जाऊ द्यायचं नाही, गुडघे धड नाहीत. भाऊ पुढच्या महिन्यात येईल. गावातलं कोणी त्या बाजूला जाणार असेल तर नुसतं बघून सांगाल का, पातेलं जागेवर आहे की गेलं वाहून? काठावर नाव आहे ते व्यक्तिगत संदेशात कळवतो.

मेनरोडची_मुलगी

मी पुण्यात आहे नाहीतर आत्ता गेले असते. आमच्या दुकानातल्या काकांना सांगू का?

सिडकोचा_सम्या

थांबा, मी शनिवारी जातोय. तसंही बायकोचा हंडा द्यायचाय. तिवंधाकर, संदेश पाठव.

पुण्याहून_प्रश्न

आमचं बुकिंग झालं. पातेल्याचं काय झालं ते कळवा, मुलं विचारताहेत.

सिडकोचा_सम्या

वृत्तांत. बोळात अजून चिखलाचा वास आहे. शटरवर माझ्या गुडघ्याच्या जरा वर पाण्याची रेघ. कल्हईवाले भट्टीची जागा धूत होते. नाव सांगितल्यावर काही न बोलता माळ्याकडे बोट दाखवलं. पातेलं पालथं ठेवलेलं, त्यावर चिठ्ठी, "मावशी, बुधवार". पूर यायच्या आधी त्यांनी ते करून वर टाकलं होतं. पैसे घ्यायला तयार नव्हते, म्हणाले चारची वेळ मीच पाळली नाही. कसेबसे दिले.

तिथून थेट पाथर्डी फाटा. काकूंनी दारातच पातेलं हातातून घेतलं, मला पाणी विचारायच्या आधी ते खिडकीत उजेडाला धरलं, आतून बोट फिरवलं. मग चहा आणि कोंडाजीचा चिवडा. चिवडा तिवंधाकरने न्यायचा विसरलेला दिसतो, पुडा फोडलेला नव्हता.

काकूंचा निरोप जसाच्या तसा देतो: "त्याला सांग, तळाला एका बाजूला कथील पातळ बसलंय. दिवाळीला येशील तेव्हा परत टाकायचंय, विमान दोन दिवस उशिराचं काढ."

तिवंधाकर

काढलं.